रक्त पातळ करायची गोळी रक्त पातळ करतच नाही

"मला ना, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" हे वाक्य आपण सगळ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं असतं, डॉक्टरही पेशंटला पटकन समजावं म्हणून तसंच सांगतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. कारण अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या गोळ्यांनी रक्त पातळ वगैरे काही होत नाही. घट्ट रंगात पाणी ओतलं की तो पातळ होतो, तसं रक्ताचं काहीच होत नसतं. गोळी घ्यायच्या आधी रक्त जेवढं दाट होतं तेवढंच नंतरही असतं.

आता कुणी म्हणेल की शब्दात काय एवढं, गोळी घेतली म्हणजे झालं. पण मला वाटतं या एका शब्दाने बरंच नुकसान केलंय. रक्त पातळ होतं असं एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं लॉजिक त्यावरच चालतं: दोन वर्षं गोळी घेतोय म्हणजे आता झालं असेल पुरेसं पातळ, बंद करू. किंवा दाढी करताना कापलं आणि रक्त लवकर थांबलं नाही, म्हणजे जास्तच पातळ झालं, बंद करू. किंवा त्यापेक्षा भरपूर पाणी पितो, लसणाच्या कॅप्सूल घेतो, तेही पातळच करतं ना, मग गोळी कशाला. यातलं प्रत्येक वाक्य ऐकायला बरोबर वाटतं आणि प्रत्येक वाक्य माणसाला आयसीयूत नेऊ शकतं. म्हणून आधी ही गोळी नक्की काय करते ते बघू, मग बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप लक्षात येतात.

प्लेटलेट नावाचा प्राणी

प्लेटलेट ही धड पेशीसुद्धा नाही, पेशीचा तुकडा आहे. हाडांच्या आतल्या मज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे बारीक बारीक तुकडे सुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट. एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही अगदी छोट्याशा भागात, साधारण दीड ते साडेचार लाख असतात. एक प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते आणि मग नवीन तिची जागा घेते. आणि तिला केंद्रक नसतं, म्हणजे तिच्यातलं एखादं यंत्र बिघडलं तर नवीन बनवायचा नकाशाच तिच्याकडे नाही. या दोन गोष्टी, सात ते दहा दिवस आणि केंद्रक नाही, जरा लक्षात ठेवा, पुढे सारख्या लागणार आहेत.

रक्तवाहिनीला आतून एक गुळगुळीत अस्तर असतं. ते शाबूत असेपर्यंत प्लेटलेट शांतपणे वाहत असतात. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं, आणि तिथे पहिली प्लेटलेट चिकटते. चिकटली की तिचा आकार बदलतो, तबकडीसारखी चपटी होती ती काटेरी होते, आणि ती दोन-चार रसायनं सोडून बाकीच्यांना हाका मारायला लागते. त्यातल्या दोन हाका आपल्या कामाच्या आहेत, एक थ्रॉम्बॉक्सेन आणि दुसरी एडीपी. हाक ऐकून बाजूने जाणाऱ्या प्लेटलेट जाग्या होतात, त्या येऊन चिकटतात, त्याही हाका मारतात, आणि एकमेकींचे हात धरून भोकावर बूच बसवतात. मग रक्तातली गोठवणारी प्रथिनं येतात आणि त्या बुचावर फायब्रिनची, म्हणजे धाग्यासारख्या प्रथिनाची, जाळी विणून ते पक्कं करतात.

म्हणजे दोन खाती आहेत, एक प्लेटलेटचं आणि एक प्रथिनांचं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे अँटिप्लेटलेट गोळ्या पहिल्या खात्याला आवरतात. वॉरफरिन, अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगाट्रान ही दुसऱ्या खात्यावरची औषधं, त्यांना अँटिकोॲग्युलंट म्हणतात. आणि आपण काय करतो, तर दोघांनाही "रक्त पातळ करायची गोळी" म्हणून मोकळे होतो. मग वॉरफरिनवाल्या शेजाऱ्याला दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) तपासायला सांगतात आणि मला का नाही सांगत, डॉक्टर विसरले का, असा प्रश्न क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याला पडतो. विसरले नाहीत. आयएनआर दुसऱ्या खात्याचा हिशोब दाखवतो, पहिल्या खात्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता हे बूच म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट, मग ती आवरायची कशाला? कारण प्लेटलेटला बाहेरची जखम आणि आतली जखम यातला फरक कळत नाही. हृदयाच्या धमनीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साठलेला असतो, एक दिवस त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, आणि प्लेटलेटच्या दृष्टीने ती साधी जखम असते, त्या इमानेइतबारे जमतात आणि बूच बसवतात. फक्त ते बूच जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या नळीत बसतं आणि नळीच बंद होते. हृदयात झालं तर हार्ट अटॅक, मेंदूकडे जाणाऱ्या नळीत झालं तर पक्षाघाताचा झटका. धमनीत रक्त जोरात धावत असतं, तिथली गुठळी मुख्यतः प्लेटलेटची बनते, म्हणून तिथे अँटिप्लेटलेट. पायाच्या शिरेत किंवा अनियमित ठोक्यांमुळे हृदयाच्या कप्प्यात रक्त साचून जी गुठळी होते तिच्यात फायब्रिनचा वाटा मोठा, म्हणून तिथे दुसऱ्या खात्याचं औषध. ठोके अनियमित असलेल्या माणसाने "मी अ‍ॅस्पिरिन घेतो की, तेही तेच आहे" असं म्हणून समाधान मानू नये, ते तेच नाहीये.

वीस मिनिटांची गोळी, दहा दिवसांचा परिणाम

अ‍ॅस्पिरिन १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने शुद्ध रूपात बनवलं, दोन वर्षांनी ते बाजारात आलं आणि पुढची कित्येक दशकं ते निव्वळ डोकेदुखी-तापाचं औषध होतं. ते नेमकं काम कसं करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि त्या कामाबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षं जग ही गोळी घेत होतं, ती आत जाऊन काय करते हे माहीत नसताना. गंमत आहे ना.

तर अ‍ॅस्पिरिन काय करतं, प्लेटलेटमध्ये थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं एक एन्झाइम असतं, कॉक्स-१, त्याच्या खाचेत जाऊन ते त्याला कायमचं निकामी करतं. कायमचं म्हणजे खरंच कायमचं, कारण प्लेटलेटकडे केंद्रक नाही, ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, मरेपर्यंत ती थ्रॉम्बॉक्सेनची हाक मारू शकत नाही. गोळीतलं अ‍ॅस्पिरिन रक्तात फार टिकत नाही, साधारण वीस मिनिटांत निम्मं होतं. पण परिणाम मात्र त्या प्लेटलेट संपेपर्यंत राहतो. रोज साधारण दहा टक्के प्लेटलेट नव्या येतात, त्यांना गाठायला रोजची एक छोटी गोळी लागते, बस्स. म्हणूनच ७५ ते १०० मिलिग्रॅम पुरतं. जास्त घेतलं तर जास्त संरक्षण हे गणित इथे चालत नाही, जे एन्झाइम आधीच बंद पडलंय ते अजून किती बंद पाडणार, उलट पोटातून रक्त जायचा धोका तेवढा वाढतो.

आणि हे काही छोटंमोठं काम नाही बरं का. १९८८ साली आयसिस-२ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, हार्ट अटॅकच्या संशयाने दाखल झालेले १७,१८७ पेशंट होते त्यात. महिनाभर रोज साधारण १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं त्या गटात पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू जवळपास २३ टक्क्यांनी कमी झाले. एवढ्या साध्या, जुन्या गोळीने.

क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर ही मंडळी दुसऱ्या हाकेवर काम करतात. एडीपीची हाक ऐकणारा जो कान प्लेटलेटवर असतो तो ही औषधं बंद करतात. हाक मारणारी मारते, पण ऐकणारी बहिरी. म्हणून स्टेंटनंतर, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत जाळी बसवल्यावर, दोन गोळ्या एकत्र देतात, एक तोंड बंद करायला आणि एक कान बंद करायला, आणि "दोन्ही सारख्याच आहेत ना, मग एकच घेतो" हे म्हणणं त्यामुळे चुकीचं.

या तिघांत फरक आहे तो थोडक्यात. क्लोपिडोग्रेल गोळीत असतं तसं निष्क्रिय असतं, यकृतात गेल्यावर त्याचं खरं औषध बनतं, आणि ते बनवणारं एन्झाइम काही लोकांत जन्मतःच मंद असतं, त्यांना हे औषध कमी लागू पडतं. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल ही औषधं त्याच एन्झाइमला अडवतात, म्हणून क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल लिहितात; दुकानातून स्वतःच्या मनाने अ‍ॅसिडिटीची गोळी बदलायची नाही ती याचसाठी. प्रासुग्रेल जास्त जोरकस आहे, पण ज्यांना आधी पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलाय त्यांना ते देत नाहीत, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या किंवा साठ किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसांत फार जपून. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. ते कानाला कायमचं बंद करत नाही, झाकण ठेवतं आणि मग झाकण निघतं, म्हणून त्याचा डोस चुकला तर अ‍ॅस्पिरिनपेक्षा फरक लवकर पडतो. काही जणांना त्याने दम लागल्यासारखं होतं, हृदय बिघडलं म्हणून माणूस घाबरतो, तर डॉक्टरांना सांगायचं, ते दम लागण्याचं दुसरं कारण नाही ना हे तपासतील आणि गरज पडली तर औषध बदलून देतील. घाबरून आपल्या मनाने सोडायचं नाही.

मी पण घेऊ का?

हा प्रश्न जरा जास्त वेळ घेण्यासारखा आहे. चाळिशी-पन्नाशी आली, ओळखीत कुणाला तरी अटॅक आला, की बरेच जण स्वतःहून रोज एक छोटी अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, विमा काढल्यासारखी. जुन्या काळी डॉक्टरही बऱ्याच निरोगी लोकांना ती देत असत. पण विम्याला हप्ता असतो, आणि इथला हप्ता म्हणजे रक्तस्राव.

ज्याला एकदा अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला, स्टेंट बसला, बायपास झाली, त्याला पुन्हा गुठळी व्हायची शक्यता इतकी असते की गोळीचा फायदा रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा स्पष्टपणे मोठा ठरतो. पण ज्याला यातलं काहीच झालेलं नाही त्याची गुठळीची शक्यताच कमी असते, त्यामुळे फायदा छोटा, आणि रक्तस्रावाचा धोका मात्र त्यालाही पूर्ण. २०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास आले. त्यातल्या अ‍ॅस्प्री या अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ निरोगी वयस्कर माणसं होती, बहुतेक सत्तरीच्या पुढची, आणि रोजच्या १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने त्यांचे हृदयविकार लक्षणीय कमी झाले नाहीत, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. असेंड हा अभ्यास डायबेटिसवाल्यांचा होता, तिथे थोडा फायदा दिसला पण गंभीर रक्तस्रावाने तो बराचसा खाऊन टाकला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या टास्क फोर्सने सांगून टाकलं की साठीच्या पुढे, आधी काही झालेलं नसेल तर, अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करू नका.

पण इथे एक मोठा पण आहे. हे सगळं "आधी काही झालेलं नाही" अशा माणसांबद्दल. स्टेंट असलेल्या माणसाने "अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही असं सिद्ध झालंय" एवढंच वाचून गोळी बंद केली तर त्याने स्वतःसाठी नसलेली बातमी स्वतःला लावून घेतली. आणि जे आधीपासून घेतायत पण का घेतायत हे आठवत नाही, त्यांनीही उद्यापासून बंद नाही करायची, डॉक्टरांना विचारायचं की मला ही नक्की कशासाठी चालू आहे. विचारायला काही लाज नाही.

बंद करण्याबद्दल

माझ्या मते या गोळ्यांच्या बाबतीत सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे मनाने बंद करणं, चुकीच्या वेळी घेण्यापेक्षाही. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, ती शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू. तिच्यावर हळूहळू रक्तवाहिनीचं अस्तर चढतं आणि मग प्लेटलेटला ती दिसेनाशी होते, पण या कामाला आठवडे-महिने लागतात, आणि औषध लावलेल्या स्टेंटवर तर जास्तच, कारण ते औषध पेशी वाढू नयेत यासाठीच असतं. तोपर्यंत धातू उघडा. त्या काळात दोन्ही गोळ्या अचानक बंद झाल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती झाली तर साधीसुधी नसते, बऱ्याचदा मोठा अटॅक असतो, जीव जाऊ शकतो.

म्हणून अटॅकनंतर स्टेंट बसला असेल तर साधारण बारा महिने दोन्ही गोळ्या, ठरवून बसवलेला असेल तर साधारण सहा महिने, आणि ज्याला रक्तस्रावाचा धोका जास्त आहे त्याला डॉक्टर एक ते तीन महिन्यांवरही आणतात. त्यानंतर बहुतेकांना एक गोळी पुढे चालू राहते. इथे उलटी चूकही होते, वर्षभरासाठी दिलेली दुसरी गोळी कुणीच बंद करायला सांगितलं नाही म्हणून चार-चार वर्षं चालूच, आणि मग एक दिवस पोटातून रक्त. डिस्चार्जच्या वेळी सरळ विचारून घ्यायचं, या दोनातली कुठली गोळी कुठल्या तारखेला बंद होणार, आणि ती तारीख कागदावर लिहून घ्यायची. पक्षाघाताचा सौम्य झटका आलेल्यांना बऱ्याचदा दोन गोळ्या फक्त तीन आठवडे देतात आणि मग एकच ठेवतात, तिथे तर ही तारीख अजूनच महत्त्वाची.

एखादा डोस विसरला तर? आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर तो चुकलेला सोडून द्या आणि नेहमीचा घ्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. प्लेटलेटचं सात ते दहा दिवसांचं गणित आठवा, एक दिवस अ‍ॅस्पिरिन चुकलं तर दहातली एखादीच प्लेटलेट मोकळी सुटते, आठवडाभर चुकलं तर मात्र बरीचशी फौज परत कामावर हजर.

रक्त कुठून, किती

हिरड्यांतून ब्रश करताना थोडं रक्त, हाताला कुठे लागलं आठवतही नाही आणि निळा डाग, छोट्या कापल्यावर रक्त थांबायला जास्त वेळ, हे होणारच, ती गोळी काम करतेय त्याचीच ही खूण. कापलेल्या जागी कापड दाबून धरायचं आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, बघायच्या नादात नुकतं बसलेलं बूच आपणच उखडतो. नाकातून आलं तर बसून थोडं पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबायचं. डोकं मागे टाकायची सवय आहे बऱ्याच जणांना, त्याने रक्त घशात जातं, थांबत काहीच नाही. अर्ध्या तासाने पण चालूच असेल तर दवाखाना.

खरी भीती पोटाची आणि डोक्याची. अ‍ॅस्पिरिन जे कॉक्स-१ प्लेटलेटमध्ये बंद करतं तेच पोटाच्या अस्तरातही असतं आणि तिथे ते आम्लापासून संरक्षण करणारी रसायनं बनवायला लागतं. म्हणजे ही गोळी नुसती रक्तस्राव लांबवत नाही, पोटाची ढालही पातळ करते (पातळ करायचंच असेल तर हे पातळ करते). वर कोटिंग असलेली गोळी पोटात विरघळत नाही म्हणून सुरक्षित, असा समज आहे, पण परिणाम रक्तातूनही होतो, त्यामुळे कोटिंगने अल्सरचा धोका जात नाही. ज्यांना आधी अल्सर झालाय, वय जास्त आहे, सोबत स्टेरॉइड किंवा दुसरं गोठणरोधक औषध चालू आहे त्यांना पोटाच्या रक्षणाची गोळी जोडून देतात, आणि अल्सर होऊन गेलेल्यांमध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे का ते तपासून त्याचा बंदोबस्त करणं फायद्याचं असतं.

शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली तर ते पोटात वर कुठेतरी रक्त जात असल्याचं लक्षण आहे, पोट दुखत नसलं तरी. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळसर होतो, पण हे ते आहे की ते हे घरी ठरवत बसू नका. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवीतून रक्त, विनाकारण थकवा आणि चक्कर, चेहरा पांढरा पडणं, ही सगळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायची कारणं. आणि डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं, माणूस नीट बोलत असला, तरी तपासून घ्यायचं. दोन गोळ्यांवर असलेल्या वयस्कर माणसाच्या बाबतीत तर "बघू सकाळी" म्हणायचंच नाही. ब्लडप्रेशर आटोक्यात ठेवणं याच्याशीच जोडलेलं आहे, कारण वाढलेल्या प्रेशरवर मेंदूतला रक्तस्राव होण्याची भीती जास्त. दारूनेही पोटातून रक्त जायची शक्यता वाढते, ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या गोळ्यांची गर्दी

गुडघा दुखला, पाठ धरली, की माणूस दुकानातून आयबुप्रोफेन घेतो, आणि हे बहुतेकांना औषध वाटतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाहीत. आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्याच खाचेत जाऊन बसतं, पण तात्पुरतं. सकाळी आधी आयबुप्रोफेन घेतलं आणि मग अ‍ॅस्पिरिन, तर अ‍ॅस्पिरिन येतं, खाच भरलेली दिसते, त्याच्याकडे तर वीस-वीस मिनिटांचाच हिशोब, ते तसंच निघून जातं. काही तासांनी आयबुप्रोफेन उठून जातं आणि प्लेटलेट मोकळी. म्हणजे गोळी घेतली पण लागली नाही, आणि पोटाचा त्रास मात्र दोन्हींचा. कधीतरी घ्यावंच लागलं तर साध्या अ‍ॅस्पिरिननंतर किमान अर्धा तास थांबून घ्यायचं, किंवा अ‍ॅस्पिरिनच्या आठ तासांहून जास्त आधी. डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन हेही पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढवणारेच. साध्या दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल, योग्य डोसमध्ये, हे त्यातल्या त्यात बरं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायची सवय लावा.

नैराश्यावरच्या काही गोळ्या, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीनसारख्या, प्लेटलेटवर थोडा परिणाम करतात, म्हणजे त्या बंद करायच्या असं नाही, दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं माहीत असली पाहिजेत एवढंच. लसूण, गिंको, माशाच्या तेलाच्या मोठ्या डोसच्या कॅप्सूल "नैसर्गिक" असतात हे मान्य, पण रक्तस्रावाला नैसर्गिक-अनैसर्गिक कळत नाही. आणि एक चोरटी गोष्ट म्हणजे कॉम्बिनेशन: एकाच कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, किंवा अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी. एका डॉक्टरने ती लिहिलेली, दुसऱ्याने सुटी अ‍ॅस्पिरिन लिहिलेली, पेशंट इमानदारीत दोन्ही घेतोय. स्ट्रिपवरच्या ब्रँडच्या मोठ्या नावाखाली औषधाचं खरं नाव असतं, ते जुळवून बघा.

दात, ऑपरेशन, ताप

दात काढायचाय म्हणून आठ दिवस आधीच गोळी बंद करून जाणारे बरेच असतात. बहुतेक वेळा गरज नसते, डेंटिस्ट दाबून, टाका घालून रक्त थांबवू शकतो, तिथे रक्त समोर दिसतं तरी, स्टेंटमधली गुठळी दिसत नाही. मोतीबिंदूलाही सहसा थांबवत नाहीत. मोठ्या ऑपरेशनला क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस, प्रासुग्रेल सात दिवस, टिकाग्रेलॉर तीन ते पाच दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बऱ्याचदा चालूच ठेवतात, पण हे आकडे सर्जन आणि हार्टच्या डॉक्टरांनी आपसात बोलून वापरायचे आहेत. तुम्ही फक्त एक करायचं, दोघांना एकमेकांबद्दल सांगायचं. स्टेंट नुकताच बसलाय आणि ऑपरेशन थांबण्यासारखं आहे तर ते काही महिने पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

डेंग्यूसारख्या तापात प्लेटलेट झपाट्याने उतरतात, तापाला म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नसतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण रोजचं अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्या स्टेंटवाल्याने काय करायचं? एकीकडे स्टेंट, दुसरीकडे उतरणारे काउंट, हा निर्णय घरी होत नाही, त्याच दिवशी काउंट करून हार्टच्या डॉक्टरांना फोन लावायचा. आणि मुलांना ताप-फ्लूमध्ये घरात पडलेली अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, सोळा वर्षांखाली राय सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण गंभीर आजार त्यातून होऊ शकतो. ज्या दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिनने दमा उसळतो त्यांनी तर ते आधीच सांगून ठेवायचं.

अचानक छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अशा वेळी आधी अ‍ॅम्ब्युलन्स, आणि अ‍ॅलर्जी नसेल, कुठून रक्त जात नसेल तर ३०० मिलिग्रॅम साधी अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात, चावून अशासाठी की ती लवकर शोषली जावी. पण तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोबडी वळली, तर अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. पक्षाघात गुठळीने झालाय की मेंदूत रक्तस्राव होऊन झालाय हे बाहेरून ओळखता येत नाही, सीटी स्कॅनवरच कळतं, आणि रक्तस्राव असेल तर आपण आगीत तेल ओतलेलं असतं. तिथे घरच्यांनी एकच करायचं, लक्षणं किती वाजता सुरू झाली ते घड्याळात बघायचं आणि हॉस्पिटल गाठायचं.

तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येणार, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?", आणि "हो, चालू आहे" हे उत्तर अर्धवट आहे. वॉरफरिन असेल तर उतारा म्हणून व्हिटॅमिन के आणि गोठवणारी प्रथिनं देतात, डॅबिगाट्रानला स्वतःचा वेगळा उतारा आहे, अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलला मात्र तसा थेट उतारा नाही, नव्या प्लेटलेट येण्याची वाट बघावी लागते आणि तोवर बाकीचे उपाय. तीन औषधं, तीन वाटा, आणि आपण तिघांना एकच नाव ठेवलेलं. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी असू द्या: औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम, गोळी घ्यायची रोजची वेळ, स्टेंट कुठल्या महिन्यात आणि वर्षी बसला, दुसरी गोळी कधी बंद होणार, अ‍ॅलर्जी कशाची. आणि तशीच एक चिठ्ठी घरातल्या अजून एका माणसाच्या फोनमध्ये फोटो काढून.